पडताळणीचा मक्ता

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे कापूस-सोयाबीन पिकविणारे आणि स्वतःचे पोलीस ठाणे असलेले गाव आहे. अशा गावातील शेतमजुराच्या किंवा अल्पभूधारकाच्या मुलाची निमलष्करी दलात वा एखाद्या सरकारी खात्यात निवड झाली, की घरी पेढे वाटले जातात. पण नेमणूक तेवढ्याने पक्की होत नाही. चारित्र्य व पूर्वेतिहास यांच्या पडताळणीचा कागद अजून यावयाचा असतो. तो वर्ध्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातून ठाण्यात येतो. ठाण्यातील अंमलदार गुन्ह्यांची नोंद तपासतो, पोलीस पाटलाला विचारतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करतो आणि चार ओळींचा अहवाल लिहितो. त्या चार ओळींवर एका कुटुंबाच्या पुढच्या तीस वर्षांची मीठभाकर अवलंबून असते.

अशा चौकशीचा विचार करताना सर्वांचे लक्ष ज्याची चौकशी व्हावयाची त्याच्याकडे असते, आणि ते स्वाभाविक आहे. जो चौकशी करतो त्याच्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. त्याला वेतन कोण देतो, किती काळासाठी देतो आणि नेमके कशाबद्दल देतो, हे प्रश्न प्रशासनाच्या तपशिलाचे म्हणून बाजूला ठेवले जातात. वस्तुतः लोकशाही राज्यात हे प्रश्न तपशिलाचे नाहीत. ज्याची स्वतःची नोकरी उद्या राहील की नाही याचा भरवसा नाही, त्याने दुसऱ्याच्या चारित्र्याविषयी निर्भयपणे आणि निःपक्षपातीपणे साक्ष द्यावी, ही अपेक्षाच विसंगत आहे. गेल्या तीन दशकांत शासकीय कामे कंत्राटावर सोपविण्याची जी लाट जगभर आली, तिने ही विसंगती किती दूरवर नेली, हे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेचा धडा

या लाटेचा उगम ज्या देशात झाला, तेथूनच आरंभ करणे योग्य होईल. अमेरिकेच्या संघीय सरकारात नोकरी करू इच्छिणाऱ्यांची, विशेषतः गोपनीय कागदपत्रे हाताळणाऱ्यांची, पूर्वचौकशी करण्याचे काम अनेक वर्षे कार्मिक व्यवस्थापन कार्यालयाच्या स्वतःच्या चौकशी विभागाकडे होते. शीतयुद्ध संपले, कामाचा ओघ घटला, विभाग तोट्यात आला. ‘शासनाची पुनर्रचना’ ही त्या वेळच्या क्लिंटन प्रशासनाची घोषणा होती. तिला अनुसरून १९९६ मध्ये हा विभागच शासनाबाहेर काढण्यात आला. सुमारे ७०० सरकारी चौकशी अधिकारी व कर्मचारी ‘यूएसआयएस’ या नव्या कंपनीचे नोकर झाले, आणि त्याच कंपनीला शासनाने पडताळणीचे काम दिले.

समाजवादी वाचकाला यातील एक गोष्ट विशेष बोधप्रद वाटेल. ही कंपनी प्रारंभी कामगारांच्या भागधारणेवर उभी होती. सरकारी नोकरी जात असली तरी तुम्ही स्वतःच मालक होत आहात, असे चौकशी अधिकाऱ्यांना सांगण्यात आले होते. ही मालकी काही वर्षांतच मोठ्या वित्तसंस्थांकडे गेली. २००७ मध्ये एका खाजगी गुंतवणूक संस्थेने कंपनी सुमारे दीड अब्ज डॉलरना विकत घेतली. ज्या कंपनीचे प्रमुख गिऱ्हाईक सरकार आणि ज्या कंपनीची खरी संपत्ती म्हणजे सरकारी कंत्राट, तिची किंमत दीड अब्ज डॉलर ठरते, तेव्हा बाजारात विकले जाते ते नागरिकांच्या चौकशीचे कामच. भांडवलावर परतावा हवा म्हणजे फायली भराभर निकालात निघाल्या पाहिजेत, हे ओघानेच आले.

पुढे काय झाले ते अमेरिकेच्या न्याय विभागानेच न्यायालयात मांडले आहे. कंपनीच्याच एका वरिष्ठ कर्मचाऱ्याने २०११ मध्ये दावा गुदरला होता. त्यात सामील होऊन न्याय विभागाने जानेवारी २०१४ मध्ये असा आरोप केला की, २००८ ते २०१२ या काळात कंपनीने सुमारे ६ लाख ६५ हजार पडताळण्या, म्हणजे त्या काळातील एकूण कामाच्या सुमारे ४० टक्के, आवश्यक ती अंतिम तपासणी न करताच पूर्ण झाल्याचे भासवून सरकारकडे पाठविल्या. महिना वा तिमाही संपत आली, की उत्पन्नाचे ठरविलेले आकडे गाठण्यासाठी हे प्रमाण वाढे. विशेष म्हणजे २००८ ते २०१० या तीन वर्षांत वेळेवर व उत्तम कामगिरीबद्दल सरकारने याच कंपनीला सुमारे १ कोटी १७ लाख डॉलरचा बोनस दिला होता! हे आरोप न्यायालयात शाबीत होण्यापूर्वीच २०१५ मध्ये तडजोड झाली आणि सरकारकडून येणे असलेल्या किमान ३ कोटी डॉलरवर कंपनीने पाणी सोडले.

मधल्या काळात, २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेन याने अमेरिकी हेरगिरीची कागदपत्रे उघड केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या नौदल आवारात एका कंत्राटी कर्मचाऱ्याने १२ जणांना गोळ्या घालून ठार केले. दोघांच्याही जुन्या पडताळण्या याच कंपनीने केल्या होत्या. ऑगस्ट २०१४ मध्ये कंपनीच्या संगणकांवर हल्ला होऊन सरकारी कर्मचाऱ्यांची माहिती चोरीस गेल्याचे उघडकीस आले. अखेर सप्टेंबर २०१४ मध्ये शासनाने जाहीर केले, की महिनाअखेर संपणाऱ्या कंत्राटाचे नूतनीकरण होणार नाही.

या एका निर्णयाने सुमारे अडीच हजार माणसांचे काम गेले. फायली निकालात काढण्याचे धोरण त्यांनी ठरविलेले नव्हते, आणि बोनसही त्यांच्या खिशात गेलेला नव्हता. गावोगाव मोटारीने हिंडून शेजाऱ्यांना, जुन्या मालकांना, घटस्फोटित पत्नीला प्रश्न विचारणारी, टिपणे लिहिणारी ही माणसे होती. त्यांतील अनेकांना उरलेल्या कंत्राटदार कंपन्यांनी नव्या अटींवर पुन्हा घेतले. काम तेच, नागरिक तेच, प्रश्नावलीही तीच राहिली. फक्त मालक बदलला. फेब्रुवारी २०१५ मध्ये मूळ कंपनीच्या पालक संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली.

शासनाचे तरी काय साधले? अनुभवी माणसे विखुरल्यामुळे पडताळण्यांचा साठा वाढत गेला आणि २०१८ च्या आरंभी तुंबलेल्या प्रकरणांची संख्या सुमारे ७ लाख २५ हजारांवर पोहोचली. शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये हे काम संरक्षण खात्याच्या एका नव्या यंत्रणेकडे सोपवावे लागले. तेवीस वर्षांपूर्वी जो विभाग शासनाला नकोसा झाला होता, त्याचे कार्य या ना त्या रूपाने शासनाच्या छत्राखाली परत आणावे लागले. मात्र प्रत्यक्ष हिंडून चौकशी करणारी बरीचशी माणसे अजूनही कंत्राटदारांचीच आहेत, आणि त्यांतील कित्येकांना दर प्रकरणामागे मोबदला मिळतो.

जे मोजता येते त्याचीच किंमत

हा एखाद्या लबाड कंपनीचा दोष मानला, तर कंपनी बदलली की प्रश्न मिटेल. परंतु दोष व्यक्तींचा नसून करारपद्धतीचा आहे. शासनाने रस्त्यासाठी खडी विकत घेतली तर तिचे माप घेता येते, प्रत तपासता येते. चौकशीचे तसे नाही. अहवालात ‘आक्षेपार्ह काही नाही’ असे लिहिलेले असते. ते चार शेजाऱ्यांना भेटून लिहिले की चहाच्या टपरीवर बसून लिहिले, हे कागदावरून कळत नाही. चांगला अहवाल आणि वाईट अहवाल दिसावयास सारखेच असतात. शासनाला दिसतात त्या दोनच गोष्टी, अहवालांची संख्या आणि तारीख. म्हणून करार या दोन गोष्टींचाच होतो आणि पैसे त्यांचेच मोजले जातात. मग कंत्राटदार आपल्या माणसाकडून त्याच दोन गोष्टी मागतो. सचोटी ही करारात लिहिता न येणारी वस्तू असल्यामुळे ती हळूहळू कामातूनच निघून जाते.

ऑलिव्हर हार्ट, आंद्रेई श्लायफर आणि रॉबर्ट विश्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये एका गाजलेल्या निबंधात तुरुंगांचे उदाहरण घेऊन हाच मुद्दा मांडला. ज्या सेवेची प्रत करारात पुरतेपणी बांधता येत नाही, तेथे खर्च वाचविण्याची प्रेरणा प्रतीचा बळी घेते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. हार्ट हे काही समाजवादी नव्हेत. त्यांना २०१६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते करारांच्या सिद्धान्ताबद्दल. बाजारव्यवस्थेच्या चौकटीत विचार करणारा अर्थशास्त्रज्ञही कोठे थांबावे हे सांगतो, तेव्हा बाजाराचे भाबडे भक्त तरी ते ऐकतील अशी आशा करावयास हरकत नाही.

महाराष्ट्राला तर हे शिकण्यासाठी अमेरिकेकडे पाहण्याचीही गरज नव्हती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जात. जो अधिक बोली बोलेल त्याला महाल मिळे. आपला मक्ता पुढील साली राहीलच याची खात्री नसल्याने मक्तेदार हाती असलेल्या मुदतीत रयतेकडून जेवढे पिळून काढता येईल तेवढे काढी. एल्फिन्स्टनने पेशवाई बुडाल्यानंतर लिहिलेल्या आपल्या अहवालात या पद्धतीचे दुष्परिणाम नोंदविले आहेत. राज्याचे सार्वभौम कार्य मुदतबंद बोलीने विकले, की मुदत हाच मक्तेदाराचा धर्म होतो. ‘मक्तेदारी’ हा शब्द मराठीत आज कोणत्या अर्थाने वापरला जातो हे पाहिले, तर भाषेनेही त्या अनुभवाची आठवण जपली आहे असे म्हणावे लागेल.

वर्धा जिल्ह्याचा इतिहास थोडा निराळा, पण त्याचे सार तेच आहे. मध्य प्रांतातील या भागात मालगुजारी होती. गावात कोण भला, कोण बुरा, याविषयी सरकारदरबारी ज्याचा शब्द चाले तो मालगुजाराचा किंवा त्याच्या वजनाखालील मुकद्दमाचा. कुळाने वाकून वागावे यासाठी तेवढे पुरेसे असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१ पासून जमीन कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध आला. माणसाच्या चारित्र्याची साक्ष गावच्या धनिकाकडून काढून वेतन घेणाऱ्या, नियमांना बांधलेल्या लोकसेवकाकडे देणे ही त्या परिवर्तनाची फारशी न दिसणारी, परंतु महत्त्वाची बाजू होती. ती साक्ष पुन्हा खाजगी हाती गेल्यास मालगुजार परत येईल. फरक इतकाच, की या वेळी तो गावात राहणारा नसेल.

नऊ संस्था आणि अकरा महिने

ही भीती काल्पनिक नाही. महाराष्ट्र शासनाने ६ सप्टेंबर २०२३ रोजी एक निर्णय काढून शासकीय, निमशासकीय कार्यालयांना बाह्य यंत्रणेमार्फत मनुष्यबळ पुरविण्यासाठी नऊ संस्थांची निवड जाहीर केली. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी माणसांची प्रतवारी त्यात केलेली होती. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात उमेदीची वर्षे घालवीत असलेला तरुण वर्ग रस्त्यावर आला, विरोधी पक्षांनी रान उठविले, आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो निर्णय रद्द केल्याची घोषणा केली. तसे करताना कंत्राटी भरतीचा आरंभ पूर्वीच्या सरकारांनीच केला होता, असे त्यांनी सांगितले. त्यांचे हे म्हणणे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचा निष्कर्ष असा की, कंत्राटीकरण हे एका पक्षाचे धोरण नसून सर्व सत्ताधाऱ्यांची सवय झाली आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई पोलीस दलासाठी राज्य सुरक्षा महामंडळाकडून ३००० मनुष्यबळ घेण्याचा निर्णय झाला होता. नियमित भरतीतील शिपाई प्रशिक्षण घेऊन येईपर्यंत अकरा महिन्यांची ही तात्पुरती सोय आहे आणि या माणसांना मुख्यतः पहाऱ्याचीच कामे दिली जातील, असे शासनाचे म्हणणे होते. महामंडळ शासनाचेच आहे, हेही खरे. तरीसुद्धा पोलीस ठाण्याच्या उंबरठ्याच्या आत अकरा महिन्यांचा माणूस आला, ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या ठाण्यात माणसे अपुरी असतात तेथे पहाऱ्याचा माणूस कागद केव्हा नेऊ लागतो आणि कागद नेणारा प्रश्न केव्हा विचारू लागतो, याची नोंद कोणत्याही शासन निर्णयात सापडत नाही.

कंत्राटामुळे जबाबदारी कशी विरून जाते, याचा दाखला याच वर्धा जिल्ह्यात आहे. पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार हे देशातील अत्यंत संवेदनशील ठिकाणांपैकी एक. तेथून जवळच सोनेगाव (आबाजी) येथे २० नोव्हेंबर २०१८ रोजी जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीचा जुना दारूगोळा निकामी करण्यासाठी नेला जात असताना स्फोट होऊन ६ जणांचे प्राण गेले. मृतांत कंत्राटदाराने कामावर आणलेले आसपासच्या खेड्यांतील मजूर होते. दारूगोळा निर्माणीचा, जागा लष्कराची आणि मजूर कंत्राटदाराचे, अशी ही तीन पदरी व्यवस्था होती. एरवी जेथे परवान्याशिवाय पाखरूही फिरकू नये, तेथे पोटासाठी आलेल्या माणसाला मात्र कंत्राटाच्या दाराने सहज प्रवेश मिळतो. त्याला संरक्षण तेवढे मिळत नाही.

पोलीस पाटलाचे मानधन

अल्लीपूरच्या आसपासच्या कोणत्याही गावात पडताळणीच्या साखळीचा शेवटचा दुवा असतो तो पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये त्याची नेमणूक होते. गुन्ह्याची खबर देणे, परक्या माणसांवर लक्ष ठेवणे, शांततेला बाधा येईल असे काही दिसल्यास ठाण्याला कळविणे ही त्याची कर्तव्ये आहेत. ठाण्याच्या अंमलदाराला गावातील माणसाविषयी पहिली माहिती मिळते ती बहुधा त्याच्याकडूनच. इतक्या नाजूक कामाबद्दल त्याला वेतन मिळत नाही, मानधन मिळते. २०२४ च्या मार्चपर्यंत ते महिना ६५०० रुपये होते. त्या महिन्यात मंत्रिमंडळाने ते १५ हजार केले. ही वाढ स्वागतार्ह असली तरी मानधन आणि वेतन यांतील अंतर केवळ रकमेचे नसते. नेमणूक पाच वर्षांची, तिचे नूतनीकरण वरिष्ठांच्या हाती आणि निवृत्तिवेतनाची हमी नाही, अशा माणसाने गावातील बड्या शेतकऱ्याच्या मुलाविषयी आणि भूमिहीनाच्या मुलाविषयी सारख्याच निर्भयतेने बोलावे, यासाठी त्याच्या अंगी विलक्षण धैर्य हवे. पुष्कळ पोलीस पाटील ते दाखवितात, ही त्यांची थोरवी आहे. व्यवस्थेला त्याचे श्रेय घेता येणार नाही.

पारपत्राच्या पडताळणीतही तारखेचे राज्य आहेच. परराष्ट्र मंत्रालयाने राज्यांच्या पोलिसांना द्यावयाच्या रकमेचे जे दर ठेवले, त्यानुसार २१ दिवसांत अहवाल आल्यास १५० रुपये आणि उशीर झाल्यास ५० रुपये देण्याची पद्धत होती. विलंब हा नागरिकावरील अन्यायच असल्याने तो टाळण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. पण वेळेला बक्षीस आणि काटेकोरपणाला काहीच नाही, हा हिशेब अमेरिकेतील त्या बोनसचाच धाकटा भाऊ म्हणावा लागेल.

‘सरकारी माणूस तरी कुठे धुतल्या तांदळाचा?’

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो टाळून चालणार नाही. कायम नोकरीतील शिपाई चौकशीसाठी आला, की चहापाण्याची अपेक्षा करतो. कागद आठवडे-आठवडे पडून राहतो. नोकरी जाण्याची भीती नसल्यामुळेच सरकारी माणूस बेपर्वा होतो, असे मध्यमवर्गातील सुशिक्षित सर्रास बोलतात. उलट, पारपत्र कार्यालयांचा कारभार २००८ च्या करारानुसार टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीच्या साहाय्याने चालू लागल्यापासून रांगा आणि दलाल कमी झाले, हेही ते निदर्शनास आणतात.

या आक्षेपात तथ्य आहे. पारपत्र सेवेत सुधारणा झाली, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मात्र त्या करारात काय दिले आणि काय राखून ठेवले, तेही पाहावयास हवे. अर्ज घेणे, छायाचित्र काढणे, ठसे घेणे, संगणकाची व्यवस्था ठेवणे ही मोजता येण्याजोगी कामे कंपनीला दिली. पारपत्र द्यावे की नाही हा निर्णय सरकारी अधिकाऱ्याकडेच राहिला आणि घरी जाऊन चौकशी करण्याचे काम पोलिसांकडेच राहिले. मोजता येते ते बाहेर द्यावे आणि विवेकाने ठरवावयाचे ते स्वतःकडे ठेवावे, हे तारतम्य तेथे पाळले गेले. म्हणजे पारपत्राचे उदाहरण कंत्राटाच्या बाजूने जेवढे बोलते, तेवढेच त्याच्या मर्यादेविषयीही बोलते.

चहापाण्याचा प्रश्न उरतोच. पण लाच घेणाऱ्याची नोकरी अकरा महिन्यांची केली तर तो लाच घेणे सोडील, असे मानण्यास आधार कोणता? कायम शिपायाला निदान निलंबनाची, निवृत्तिवेतन गमावण्याची भीती असते. ज्याला गमावण्यासारखे काहीच नाही आणि ज्याची मुदत फाल्गुनात संपणार आहे, तो पौषातच वसुलीला लागेल. बाजीरावाच्या मक्तेदाराने ते केलेच होते. भ्रष्टाचारावर उपाय म्हणजे देखरेख, तक्रारीची दाद आणि शिक्षा. अस्थिरता हा त्यावरील उपाय नव्हे.

ज्याची चौकशी होते तो

चौकशीचे अधिकार सरकारी माणसाच्या हाती सुरक्षित असतात, असा भ्रम मात्र समाजवादी चळवळीने कधीही बाळगू नये. मध्य प्रदेशातील एका नगरपालिकेची शाळा १९७१ मध्ये सरकारने घेतली. तेथील एका शिक्षकाला शासकीय सेवेत सामावून घेतल्यावर १९७४ मध्ये पोलिसांच्या अहवालावरून काढून टाकण्यात आले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जनसंघ यांच्या कार्यात भाग घेणे एवढाच त्याचा दोष होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रामशंकर रघुवंशी खटल्यात ही कारवाई अवैध ठरविली आणि नोकरी देण्यापूर्वी माणसाचे जुने राजकीय विचार हुडकणे हे लोकशाहीला परके असल्याचे बजावले. त्या शिक्षकाचे राजकीय मत समाजवाद्यांना मान्य नसेल. त्याचा हक्क मात्र त्यांना मान्यच असला पाहिजे. पोलिसांच्या गुप्त अहवालाने काय होते, हे आणीबाणीतील तुरुंगवास भोगलेल्यांना सांगावयास नको.

येथे कंत्राटाचा प्रश्न अधिकच गंभीर होतो. रघुवंशी यांना न्यायालयात जाता आले, कारण अहवाल लिहिणारा शासनाचा होता आणि त्याबद्दल शासनाला जाब विचारता येत होता. अहवाल कंपनीच्या माणसाने लिहिलेला असेल, ती कंपनी करार संपून निघून गेली असेल आणि तिचा माणूस दुसऱ्या कंपनीत लागला असेल, तर अल्लीपूरचा तरुण दाद मागणार कोणाकडे? शासन म्हणेल अहवाल कंपनीचा, आणि कंपनी म्हणेल नमुना शासनाचा होता. चौकशी करणाऱ्याची अस्थिरता अशा रीतीने चौकशी होणाऱ्याच्या अगतिकतेत उतरते. दोघे एकमेकांचे विरोधक नाहीत. एकाच व्यवस्थेने दोघांनाही उघड्यावर सोडलेले असते.

काय करावयास हवे?

कायद्याची वाट अजिबात बंद नाही. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा केंद्रीय कायदा बारमाही स्वरूपाच्या कामात कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार सरकारला देत होता. त्या अधिकाराचा उपयोग मात्र अभावानेच झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. मूळ केंद्रीय कायदा २० कामगारांपासून लागू होई, संहिता ५० पासून लागू होते. म्हणजे लहान कंत्राटदाराकडील मजूर संरक्षणाबाहेर गेला. दुसरीकडे, डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे झाडलोट व बागकाम करणाऱ्यांना नियमित करण्याचा आदेश दिला आणि कायम स्वरूपाचे काम तात्पुरत्या नावाखाली करून घेण्याच्या सरकारी प्रवृत्तीवर कठोर टीका केली. कार्यालयाची झाडलोट हे जर कायमचे काम ठरते, तर नागरिकाच्या चारित्र्याची चौकशी हे हंगामी काम कसे ठरेल?

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या गेल्या पाहिजेत. चारित्र्याची, पूर्वेतिहासाची वा हक्कासाठी लागणाऱ्या कोणत्याही दाखल्याची चौकशी हे शासनाचे मूलभूत कार्य असल्याचे घोषित करून ते कोणत्याही रूपात बाह्य यंत्रणेकडे देण्यास मनाई व्हावी. ठाण्यांतील रिक्त जागा नियमित भरतीनेच भराव्यात. पोलीस पाटलाच्या मानधनाचे रूपांतर सेवाशर्ती असलेल्या वेतनात व्हावे आणि सकारण आदेशाशिवाय त्याला दूर करता येऊ नये. ज्या शासकीय कामांत कंत्राट आज आहेच, तेथे कंत्राटदार बदलला तरी कामगाराची सेवा, वेतन आणि ज्येष्ठता अखंड राहील अशी अट प्रत्येक करारात असावी. कंत्राटाची मुदत ही माणसाची मुदत होता कामा नये. अहवालांची पारख संख्येवरून न करता त्यांतील काहींची स्वतंत्र अधिकाऱ्याने फेरतपासणी करून व्हावी. आणि प्रतिकूल अहवाल आल्यास तो संबंधिताला दाखवून त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोणाचीही नेमणूक नाकारली जाऊ नये.

यासाठी खर्च येईल हे खरे. परंतु कंत्राटातील बचत बहुधा वेतनातील कपात असते आणि तिचा एक भाग कंत्राटदाराच्या नफ्यात जातो. उरलेली तथाकथित बचत तुंबलेल्या फायली, चुकीचे अहवाल आणि न्यायालयीन खटले यांच्या रूपाने पुढे भरावी लागते. अमेरिकेसारख्या श्रीमंत राष्ट्रालाही तो हिशेब परवडला नाही.

अल्लीपूरच्या ठाण्यातून निघालेला अंमलदार एखाद्या घरासमोर येऊन उभा राहतो, तेव्हा आत एक तरुण धास्तावून बसलेला असतो. त्याचे काय होणार हे त्याच्या वर्तनावरून ठरावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पुरी व्हावयाची असेल, तर दारात उभ्या असलेल्या माणसालाही आपल्या उद्याची धास्ती नसली पाहिजे.